कुठल्या चौघांचं ऐकायचं?

पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जा आणि तोंड नेमकं उत्तरेला करा. समोर क्षितिजापासून वर, आकाशाच्या जवळपास अर्ध्या उंचीपर्यंतचा एक भाग असा आहे, की अमेरिकेच्या जीपीएस ताफ्यातला एकही उपग्रह तिथे कधी फिरकत नाही. दिवसा नाही, रात्री नाही, पुढच्या वर्षीही नाही. पूर्वेला असतात, पश्चिमेला असतात, दक्षिणेला तर भरपूर असतात. नेमक्या उत्तरेला मात्र सुमारे चाळीस अंशांच्या खाली शुकशुकाट. या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे त्यातला कोणीही साधारण ५५ अक्षांशांपलीकडे, ध्रुवाच्या डोक्यावर जातच नाही. आपण उत्तरेला खालच्या कोनात पाहतो तेव्हा नजर थेट त्या ध्रुवावरच्या रिकाम्या टोपीत शिरते.

बाकीच्या आकाशात दहा-बारा उपग्रह असताना एका कोपऱ्यात कोणी नसलं तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण बिघडतं. नकाशावरचा तुमचा निळा ठिपका किती उपग्रह दिसतात यावर जितका अवलंबून असतो, त्याहून जास्त ते कुठे कुठे उभे आहेत यावर असतो. एका बाजूला दाटी करून बसलेल्या बारांपेक्षा चहूकडे पांगलेले पाच अधिक नेमकं उत्तर देतात. मग प्रश्न येतो निवडीचा. दिसणाऱ्यांपैकी कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, आणि हे सगळं एका सेकंदाच्या आत कसं ठरवायचं? या निवडीमागची भूमिती इतकी देखणी आहे, की ती अभियंत्यांच्या प्रबंधांतच पडून राहते याची मला हळहळ वाटते.

आधी थोडी उजळणी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारतात. प्रत्येकाच्या पोटात आण्विक घड्याळ असतं आणि तो अखंड एकच निरोप देत असतो: मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता इतके वाजले आहेत. हा निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. पोहोचतो तेव्हा त्यात शक्ती किती उरते? एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातला एक उचलून त्याचे पुन्हा एक अब्ज भाग करा, त्यातल्या एकाइतकी. फोनमधल्या रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत-गोंगाटाखाली तो निरोप पुरता बुडालेला असतो आणि तरीही खिशातला फोन तो वेचून काढतो.

निरोप निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यावरून अंतर कळतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली की अंतर ३०० मीटरनी चुकलं. उपग्रहातलं घड्याळ आण्विक. फोनमधलं साध्या क्वार्ट्झचं, त्याच्याकडून असल्या अचूकतेची अपेक्षाच नको. तेव्हा फोन एक युक्ती करतो. घड्याळ चुकतंय हे तो गृहीतच धरतो. सगळी अंतरं एकाच घड्याळाने मोजली असल्यामुळे सगळी सारख्याच रकमेने चुकलेली असतात. ही चूक म्हणजे एक अज्ञात संख्या. आपल्या जागेच्या तीन संख्या अधिक ही चौथी. चार अज्ञातं, म्हणून चार उपग्रह.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट सांगायला आधी दोनशे वर्षं मागे, हिंगणघाटला जावं लागेल.

वर्धा जिल्ह्यातल्या या गावात विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली त्याने मद्रासजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत सगळा हिंदुस्थान मापण्याचं काम सुरू केलं. १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला त्याचा अंत झाला. या माणसाच्या आयुष्याची कितीतरी वर्षं योग्य टेकड्या शोधण्यात गेली. कुठलीही टेकडी चालत नसे. त्रिकोणाचा एखादा कोन फार निमुळता झाला, तर दुर्बिणीच्या मोजणीतली बारीकशी चूक पुढच्या बाजूच्या लांबीत फुगून बसते. त्रिकोणाचा कुठलाही कोन ३० अंशांहून लहान नको, हा सर्वेक्षकांचा जुना दंडक त्यातूनच आला. पायारेषा कितीही काटेकोर मोजा, त्रिकोण वाकडा निवडलात तर मेहनत पाण्यात.

उपग्रहांचंही अगदी हेच आहे, फक्त टेकड्या आकाशात आहेत आणि सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने सरकताहेत. प्रत्येक उपग्रह तुम्हाला एका गोलाच्या पृष्ठभागावर बसवतो: तुम्ही माझ्यापासून इतक्या अंतरावर आहात, याच पृष्ठभागावर कुठेतरी. प्रत्यक्षात अंतर नेमकं नसतं, त्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे असतं, त्यामुळे पृष्ठभागाला जाडी येते. दोन जाड पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात छेदतात तेव्हा त्यांचा सामाईक भाग आटोपशीर असतो. दोन्ही उपग्रह आकाशात शेजारी शेजारी असले, तर पृष्ठभाग एकमेकांना घासून जातात आणि सामाईक भाग लांबच लांब फाकेसारखा होतो. मोजणी तीन मीटरनीच चुकलेली असते, तुमची जागा मात्र तीस मीटरनी.

या फुगवट्याला एक आकडा आहे. उपग्रह कुठल्या दिशांना आहेत एवढंच कळलं तरी तो काढता येतो. त्यासाठी एकही अंतर मोजावं लागत नाही. मोजणीतल्या चुकीला या आकड्याने गुणलं की जागेतली चूक मिळते. शेतजमिनीची मोजणी करणाऱ्या भूकरमापकाच्या हातात हल्ली रोव्हर नावाचा रिसीव्हर असतो. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘पीडॉप’ लिहिलेलं दिसतं, ते हेच. आकडा दोनच्या आसपास असला की काम चालू, सहाच्या वर चढला की जरा थांबा, असा सर्वसाधारण शिरस्ता. बांधावर उभं राहून ‘आता का थांबलात’ असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला काय सांगायचं, हा प्रश्न वेगळा. आकाशातला त्रिकोण वाकडा झालाय, हेच त्याचं खरं उत्तर.

आता मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट.

समजा, चार उपग्रह आहेत. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि चौघंही क्षितिजापासून बरोबर ३० अंश वर. चारही दिशांना पहारा बसवल्यासारखी मांडणी. याहून समतोल काय असणार? पण या चौघांवरून तुमची जागा काढायला बसलात, तर गणित ठप्प होतं. उत्तर चुकीचं येतं असं नाही, उत्तर येतच नाही.

का ते पाहा. तुम्ही दहा मीटर वर सरकलात, तर चारही उपग्रहांपासूनचं तुमचं अंतर सारखंच, पाच मीटरनी, कमी होईल. आता उलट धरा. तुम्ही जागचे हलला नाहीत, पण फोनचं घड्याळ सुमारे १७ नॅनोसेकंदांनी चुकलं. तरीही चारही अंतरं सारखीच, पाच मीटरनी कमी भरतील. फोनला दोन्ही वेळा तंतोतंत तेच आकडे दिसतात. तुम्ही वर गेलात की घड्याळ चुकलं, हे ओळखायला त्याच्याकडे कुठलाच मार्ग नाही. आणि ३० अंशांवरच्या या गोल कड्यावर चाराऐवजी चाळीस उपग्रह बसवले तरी फरक पडत नाही. एकेचाळिसावासुद्धा तेच सांगेल.

त्यांतला एक उचलून डोक्यावर ठेवा, आणि कोडं सुटतं. डोक्यावरच्याच्या दृष्टीने तुम्ही वर सरकलात तर अंतर पुरे दहा मीटरनी घटतं, घड्याळ चुकलं तर मात्र पाचच मीटरनी. फरक पडला, दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एका उपग्रहाने चाळिसांना न जमलेलं काम केलं, तेही तो इतरांहून चांगला होता म्हणून नव्हे. इतर जिथे नव्हते तिथे तो होता म्हणून.

कल्पनेतलं हे कडं प्रत्यक्षातही थोडंफार भेटतं. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर जीपीएसचा एकही उपग्रह ४५ अंशांच्या वर चढत नाही. सगळे भोवती फेर धरून फिरत राहतात. तिथे आडव्या दिशांतली जागा छान मिळते, उंची मात्र डळमळते. आपल्याकडे डोक्यावर उपग्रह येतात, म्हणून बरं. पण उंचीचं दुखणं आपल्यालाही आहे. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दिशांना दोन्ही बाजूंनी उपग्रह असतात, खालच्या बाजूला कधीच नसतात, कारण तिथे पृथ्वी आहे. म्हणून जीपीएसची उंची ही नेहमीच आडव्या जागेपेक्षा कच्ची. गाडी उड्डाणपुलावर आहे की पुलाखालच्या रस्त्यावर, याचा फोनला पत्ता लागत नाही आणि नकाशातली बाई पुलावरच तुम्हाला डावीकडे वळायला सांगते, त्यात या भूमितीचा मोठा हात आहे.

चौघांची आदर्श मांडणी कोणती, याचंही उत्तर आहे. आपल्याभोवती एक काल्पनिक गोल काढायचा, प्रत्येक उपग्रहाच्या दिशेने त्या गोलावर एक टिंब द्यायचं आणि चार टिंबं जोडायची. चार त्रिकोणी बाजूंचा एक पिरॅमिड तयार होतो. त्याचं घनफळ जितकं जास्त, तितका चुकीचा फुगवटा साधारणपणे कमी. मघाच्या कड्यावरची चार टिंबं एकाच सपाटीवर होती. पिरॅमिड चेपून पत्रा झाला, घनफळ शून्य, म्हणून उत्तर नाही. क्षितिजाच्या वरचेच उपग्रह घ्यायचे, तर सर्वोत्तम मांडणी ही: एक अगदी डोक्यावर आणि तीन क्षितिजाला टेकलेले, एकमेकांपासून १२० अंशांवर. तेव्हा जागा आणि घड्याळ मिळून फुगवटा येतो १.७३, म्हणजे तीनचं वर्गमूळ. पृथ्वी पारदर्शक असती आणि पायाखालचे उपग्रहही वापरता आले असते, तर चौघांत तो १.५८ पर्यंत उतरला असता. अख्खी पृथ्वी आड येते, त्याची किंमत एवढीच! मला तरी हे स्वस्त वाटतं.

सुरुवातीच्या रिसीव्हरांना निवड करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. १९८९ साली मॅगेलन कंपनीने हातात धरायचा रिसीव्हर बाजारात आणला, तो एकाच वाहिनीवर आळीपाळीने चार उपग्रह ऐकत असे. तेव्हा २४ उपग्रहांचा ताफाही पुरा झालेला नव्हता. तो पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचं १९९५ मध्ये जाहीर झालं. सर्वेक्षणाला निघालेली मंडळी आधी आकाशाचा तक्ता काढून बसत: कुठल्या वेळी कोणते उपग्रह कुठे असतील, आणि त्यातला कुठला तास कामाचा. दिसणारे सात-आठ, निवडायचे चार. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार, तेवढे तर सगळेच तपासून पाहता येतात. मात्र बारांतून चार निवडायचे तर प्रकार ४९५ होतात आणि त्या काळच्या चिपला घाम फुटू लागतो. म्हणून पिरॅमिडच्या घनफळाची वाट शोधली गेली: पहिला उपग्रह सर्वांत उंचावरचा घ्या, दुसरा त्याच्यापासून काटकोनाच्याही थोडा पलीकडचा, मग उरलेले दोन घनफळ वाढेल असे.

आज आकाश भरून गेलं आहे. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू, हे चार जागतिक ताफे मिळून शंभराहून अधिक उपग्रह होतात. मोकळ्या माळावर फोनला एका वेळी चाळीसच्या आसपास दिसू शकतात. ग्लोनासच्या कक्षा ६४.८ अंशांनी कललेल्या आहेत, रशियाची भूमी उत्तरेला दूरवर पसरलेली असल्यामुळे. त्याचा फायदा म्हणजे आपल्या उत्तरेकडची ती रिकामी जागाही साधारण बत्तीस अंशांपर्यंत खाली सरकते.

मग निवड कशाला, सगळेच घ्या की! गणित एका परीने हेच सांगतं. सगळ्यांच्या मोजणीचा दर्जा सारखा मानला, तर नवा उपग्रह घेतल्याने फुगवटा कधीही वाढत नाही. पण प्रत्येक उपग्रहामागे रिसीव्हरला राबावं लागतं आणि बॅटरी खर्च होते. शिवाय फायदा झपाट्याने आटत जातो. चारांचे आठ केले तर मोठा लाभ, तिसांचे चौतीस केले तर नाममात्र. म्हणून चाळीसांतून दहा घेऊ या म्हटलं तर? दहांच्या टोळ्या किती बनतात हे मोजलं तर आकडा येतो ८४,७६,६०,५२८. एक टोळी तपासायला सेकंदाचा दहा लाखावा भाग धरला, तरी सगळ्या तपासायला चौदा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात प्रत्येक उपग्रह तीन हजार किलोमीटरहून पुढे निघून गेलेला असेल. सर्वोत्तम टोळी सापडेल खरी, पण चौदा मिनिटांपूर्वीच्या आकाशासाठी.

तेव्हा सर्वोत्तमाचा हट्ट सोडून जवळजवळ सर्वोत्तम, पण चटकन, असा मार्ग शोधावा लागतो. २००१ साली पार्क आणि हाऊ या संशोधकांनी सुचवलेली एक रीत मला फार आवडते. प्रत्येक दोन उपग्रहांमधला कोन घ्यायचा, त्याची दुप्पट करायची आणि तिचा कोसाइन काढायचा. दोघे एकाच दिशेला असले तर उत्तर अधिक एक: हे एकमेकांची नक्कल आहेत. दोघांत काटकोन असला तर उणे एक: दोघे अगदी वेगळं काहीतरी सांगताहेत. प्रत्येक उपग्रहाचे इतर सगळ्यांबरोबरचे आकडे बेरजेला घेतले, की कोण किती ‘जादा’ आहे ते कळतं. सर्वांत जादा तो बाहेर. पुन्हा बेरीज, पुन्हा एक बाहेर. चाळीस उपग्रहांच्या जोड्या ७८० होतात. पंच्याऐंशी कोटींच्या जागी एवढंच. ही रीत घड्याळाच्या चुकीकडे काणाडोळा करते, फक्त दिशा पाहते, त्यामुळे अधूनमधून तिची निवड थोडी हुकते. व्यवहारात तेवढं खपून जातं.

दुसरी वाट संख्याशास्त्रातून येते. तिथे प्रत्येक मोजणीला शून्य ते एक यांमधला एक आकडा देता येतो. हिच्यावाचून इतरांचं किती अडेल, याचं ते माप. शून्याजवळचा आकडा म्हणजे ही मोजणी गाळली तरी बाकीच्यांवरून तिचा अंदाज बांधता येईल. एक म्हणजे ती गेली तर तिची जागा कोणीच भरून काढू शकणार नाही. आणि गंमत अशी, की उपग्रह किती का असेनात, या आकड्यांची बेरीज नेहमी चारच भरते, कारण अज्ञातं चार आहेत. चारच उपग्रह असतील तर प्रत्येकाला पुरता एक: चौघंही अनिवार्य. चाळीस असतील तर सरासरी एक दशांश. पण सरासरीच. दक्षिणेला दाटीत बसलेल्या पंधरा जणांच्या वाट्याला चिमूटभर येतं आणि दूर एकटा उभा असलेला एखादा पाऊण हिस्सा घेऊन बसतो. उपग्रह तोच, घड्याळ तेच. शेजारी कोण आहेत यावर त्याची किंमत दर मिनिटाला बदलते.

या बेरजेमुळे आणखी एक चकवा समजतो. दोन वेगळ्या ताफ्यांची घड्याळं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे जीपीएसबरोबर गॅलिलिओ वापरायला घेतलं, की दोन घड्याळांमधला फरक हे पाचवं अज्ञात येतं. तो फरक बाहेरून कळलेला नसेल, तर गॅलिलिओचा पहिला उपग्रह स्वतःचाच फरक सोडवण्यात पुरा खर्ची पडतो. तुमच्या जागेबद्दल तो एका मिलिमीटरचीही माहिती देत नाही. भर पडते ती दुसऱ्यापासून.

इतका वेळ सगळ्या उपग्रहांची मोजणी सारख्याच दर्जाची धरली. खरं आकाश तसं वागत नाही, आणि खरी ओढाताण इथेच आहे. भूमितीला क्षितिजाजवळचे उपग्रह हवे असतात. पण क्षितिजाजवळून येणारा निरोप वातावरणातून तिरपा, लांबचा रस्ता काढत येतो. डोक्यावरून येणाऱ्या लहरीला खालच्या हवेमुळे साधारण सव्वादोन-अडीच मीटरचा उशीर होतो. पाच अंशांवरून येणाऱ्या लहरीला त्याच्या दसपट. त्याच्या वर आयनांबर आहे, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला थर. भारतात त्याचा जाच विशेष. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि तिथे वर उचलला गेलेला विद्युतभार दोन्ही बाजूंना सांडून दाट पट्टे तयार होतात. त्यातला उत्तरेकडचा पट्टा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या माथ्यावर असतो. म्हणजे महाराष्ट्रातून उत्तरेला पाहिलं, तर जिथे आधीच उपग्रहांची टंचाई, तिथून येणाऱ्या लहरींना या दाट पट्ट्यातूनही वाट काढावी लागते.

म्हणून कोणाला सरसकट बाद करण्याऐवजी प्रत्येकाला वजन दिलं जातं. दहा-पंधरा अंशांखालचे बहुधा गाळायचे, त्यावरचे घ्यायचे पण खालच्यांना कमी वजन द्यायचं, आणि निरोप किती ठणठणीत ऐकू येतो हेही पाहायचं. लांब उभा असलेला पण घोगऱ्या आवाजाचा साक्षीदार हवा की जवळचा, स्पष्ट बोलणारा? दोन्हींचा मेळ घालणारं सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते कोणी सहसा उघड करत नाही.

विमानांसाठी ही निवड आणखी वेगळं रूप घेते. आपली ‘गगन’ यंत्रणा जमिनीवरच्या केंद्रांतून उपग्रहांच्या चुका मोजते आणि त्यांची दुरुस्ती वरच्या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना कळवते. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडिगोचं एक विमान राजस्थानातल्या किशनगढला याच मार्गदर्शनावर उतरलं. या जातीच्या यंत्रणांच्या मूळ संदेशरचनेत ५१ उपग्रहांनाच जागा आहे. ताफे वाढले तसा प्रश्न आला: जागा थोड्या, उपग्रह शंभरावर, कोणाची दुरुस्ती कळवायची? इथे निवड एका फोनसाठी नसते, अख्ख्या देशावरच्या आकाशातल्या प्रत्येक विमानासाठी एकदम करायची असते.

शहरात मात्र निवड तुमच्या हातात राहतच नाही, ती इमारती करतात. दक्षिणोत्तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजले उभे असले, की पूर्व-पश्चिमेचे उपग्रह झाकले जातात. उरतो तो रस्त्याच्या लांबीवरचा आकाशाचा पट्टा. रस्त्यावर तुम्ही किती पुढे आलात हे फोन बऱ्यापैकी सांगतो. रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहात, किंवा शेजारच्या समांतर गल्लीत तर नाही ना, हे त्याला सांगता येत नाही. मागवलेली गाडी पलीकडच्या फुटपाथला जाऊन थांबते ती यामुळे. त्यात भर म्हणून झाकलेल्या उपग्रहाचा निरोप समोरच्या काचेवर आपटून येतो आणि अंतर लांबवून सांगतो. चांगली निवड म्हणजे अशाला ओळखून बाजूला काढणं.

आणि इथे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पॉल ग्रोव्ह्ज यांनी २०११ मध्ये मांडलेली कल्पना वाचली की टाळी वाजवावीशी वाटते. इमारतींचा त्रिमितीय नकाशा फोनजवळ असेल, तर रस्त्याच्या डाव्या कडेवरून कुठला उपग्रह दिसायला हवा आणि उजव्या कडेवरून कुठला, हे आधीच काढता येतं. आता एखादा उपग्रह ऐकूच येत नसेल, तर त्याचा अर्थ तुम्ही त्याच्या सावलीत उभे आहात; म्हणजे अमुक इमारतीला लागून. न दिसणाऱ्या उपग्रहानेही तुमची जागा सांगितली.

भारताच्या ‘नाविक’ने तर ही निवड उड्डाणाआधीच करून ठेवली. जगभर फिरणारा ताफा न बांधता मूळ आखणीत सातच उपग्रह, सगळे कायम आपल्याच आकाशात. तीन भूस्थिर, मुंबईतून पाहिलं तर एक दक्षिणेकडे उंचावर, एक पश्चिमेला, एक पूर्वेला बराच खाली. उरलेले चार २९ अंशांनी कललेल्या कक्षांत, विषुववृत्ताच्या वर-खाली रोज इंग्रजी आठचा आकडा काढत फिरणारे. मोजक्या संख्येत चहूबाजू सांभाळण्याची ही हुशारी आहे, आणि तिची नाजूक बाजूही तीच. सातांमध्ये प्रत्येकाचा वाटा मोठा असतो. पहिल्या उपग्रहातली तिन्ही परदेशी आण्विक घड्याळं बंद पडली. त्याच्या जागी जाणारा उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ ला अग्निबाणाचं उष्णतारोधक कवच न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला, आणि बदली पोहोचायला एप्रिल २०१८ उजाडला. मे २०२३ मध्ये गेलेल्या ‘एनव्हीएस-०१’मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ आहे. तीस उपग्रहांच्या ताफ्यात एक घड्याळ थांबलं तर बातमीही होत नाही.

या सगळ्या भूमितीची कसोटी एका विलक्षण ठिकाणी लागली. २ मार्च २०२५ ला ‘ब्लू घोस्ट’ हे यान चंद्रावर उतरलं. त्याच्यावर नासा आणि इटलीची अंतराळ संस्था यांनी मिळून बनवलेला एक रिसीव्हर होता. दुसऱ्याच दिवशी त्याने जीपीएस आणि गॅलिलिओचे निरोप पकडले आणि चंद्राच्या जमिनीवरून स्वतःची जागा काढली. उपग्रहांचे अँटेना पृथ्वीकडे तोंड करून असतात. पृथ्वीच्या कडेने निसटून पुढे गेलेली लहर साडेतीन लाखांहून अधिक किलोमीटरवर ऐकणं हा एक पराक्रम, आणि भूमिती हा त्याहून मोठा अडथळा. चंद्रावरून पाहिलं तर जीपीएसचा सगळा ताफा आकाशाच्या जेमतेम आठ अंशांच्या तुकड्यात मावतो, पृथ्वीभोवती गोळा झालेला. पाहिजे तितके उपग्रह मोजा, कुठलेही चार निवडा, कुठलीही रीत लावा. सगळे एकाच बाजूला. पिरॅमिडची सुई होते आणि चुकीचा फुगवटा प्रचंड वाढतो.

यावर उपाय एकच, चंद्राभोवतीच उपग्रह फिरवायचे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘मूनलाइट’ योजनेत असे पाच आहेत, त्यांचा रोख चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे. एक संपर्कासाठी आणि चार दिशादर्शनासाठी. म्हणजे तिथल्या रिसीव्हरला हे चौघं सोडून निवडायला पाचवा नसेल, आणि प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा पुरता एक असेल.